स्टिक घ्यायची, पण कोणती?

फायटिंग गेम खेळणाऱ्यांच्या कुठल्याही टोळक्यात एक प्रश्न ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येतो: पहिली आर्केड स्टिक कोणती घेऊ? उत्तरंही ठरलेली असतात. एकजण सान्वाचं नाव घेतो, दुसरा कोरियन लिव्हरची शपथ घालतो. तिसऱ्याच्या मते लिव्हरचा जमाना गेला, आता बटणंच बटणं. चौथा सगळ्यांवर पाणी ओततो: पॅड आहे ना हातात, मग पैसे कशाला घालवतोस? चौघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं, आणि विचारणारा होता तिथेच राहतो.

माझ्या मते घोटाळा उत्तरात नाही, विचारण्याच्या क्रमात आहे. आपण आधी खोक्यावरचं चित्र बघतो, मग लिव्हर कुठल्या कंपनीची ते विचारतो, मग बटणांचा रंग निवडतो. ही वस्तू आपल्या मशीनवर चालते का, हा प्रश्न पार्सल फोडल्यावर सुचतो. खरं तर क्रम नेमका उलटा हवा. आधी आतला बोर्ड बघावा, मग खोका, आणि लिव्हर त्यानंतर. बटणांची काळजी सगळ्यात शेवटी केली तरी चालते. जे बदलायला कठीण ते आधी पारखायचं आणि जे पाच मिनिटांत बदलतं ते मागे ठेवायचं, इतका साधा हिशेब आहे. दोनशे ते चारशे डॉलरच्या वस्तूला तो लावायलाच हवा, कारण आपल्याकडे येईपर्यंत त्यावर कुरिअर आणि कस्टम ड्युटी चढलेली असते.

पण त्याआधी ही वस्तू आली कुठून ते थोडक्यात बघू. १९८७ साली कॅपकॉमने पहिला स्ट्रीट फायटर आणला तेव्हा त्याच्या मोठ्या मशीनवर सहा बटणं नव्हती. दाब ओळखणारी दोन जाडजूड बटणं होती, एक ठोशाचं आणि एक लाथेचं. जितक्या जोरात हाणाल तितका जोराचा फटका. कल्पना ऐकायला झकास होती, पण खेळणाऱ्याच्या मनगटाला आणि मशीनला, दोघांनाही ती परवडणारी नव्हती. त्याच खेळाची सहा बटणांची आवृत्ती आली आणि १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ ने तीच मांडणी जगभर नेली: डाव्या हाताला लिव्हर, उजवीकडे हलका-मध्यम-जोरकस असे तीन ठोसे आणि खाली तशाच तीन लाथा. हादोकेनचा पाव गोल, शोर्युकेनची ती वाकडी चाल, झँगीफचा पूर्ण फेरा या सगळ्या हालचाली लिव्हर धरलेल्या मनगटासाठी रचलेल्या आहेत. घरच्या पॅडवर त्या एकट्या अंगठ्याच्या वाट्याला आल्या.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात, आणि नंतर तालुक्याच्या गावांतही, व्हिडिओ गेम पार्लर निघाली. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ त्याच्या खऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हतं, तो ‘मुस्तफा’. शेजारच्या मशीनवर ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ आणि त्याभोवती कोंडाळं. तिथल्या लिव्हर सैल असायच्या, एखादी दिशा लागायचीच नाही, आणि जाणती पोरं कुठल्या मशीनची उजवी बाजू मेलीय हे पाहून नाणं टाकायची. त्या पिढीच्या हाताशी आता पगार आहे. स्टिक विकत घेणाऱ्यांत या लोकांचा भरणा मोठा असतो, आणि त्यांना कोणी पॅडचे फायदे समजावायला जाऊ नये. हौसेला मोल नसतं.

घरात वापरायच्या स्टिकच्या बाबतीत २००९ हे वर्ष महत्त्वाचं. स्ट्रीट फायटर ४ घरच्या मशीनवर आला आणि मॅड कॅट्झ कंपनीने त्याच्यासोबत ‘टुर्नामेंट एडिशन’ नावाची स्टिक काढली. किंमत दीडशे डॉलर, आणि आत जपानी आर्केडमध्ये वापरतात तीच सान्वाची लिव्हर आणि तीच बटणं. अस्सल पार्टची स्टिक याआधी नव्हती असं नाही. जपानच्या होरी कंपनीची रिअल आर्केड प्रो होतीच, आणि स्वतः पार्ट मागवून खोके बांधणारे कारागीरही होते. पण साध्या गिऱ्हाइकाला दुकानात जाऊन ती उचलता यायला लागली ती तेव्हापासून. पुढे २०१७ मध्ये मॅड कॅट्झचं दिवाळं वाजलं. कंपनी बुडाली तरी तिच्या स्टिक आजही स्पर्धांच्या टेबलांवर दिसतात, कारण तळाचे स्क्रू काढले की आतला प्रत्येक पार्ट मोकळा होतो. लिव्हर झिजली तर नवी, बोर्ड जुना झाला तर नवा. त्याच सुमारास निघालेल्या कितीतरी स्वस्त स्टिकचे पार्ट ज्या-त्या कंपनीचेच, दुसरीकडचे बसायचे नाहीत. एक स्विच गेला की सगळं भंगारात.

म्हणून पहिला प्रश्न बोर्डचा. तळहाताएवढी ही हिरवी किंवा काळी पट्टी बटणांचे सिग्नल गोळा करते आणि यूएसबीमधून मशीनला देते. ती मशीनला ओळख पटवते की नाही, यावर सगळं अवलंबून. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर फार डोकं लावू नका, जवळपास काहीही चालतं. प्लेस्टेशनचं तसं नाही. परवाना नसलेला बोर्ड पीएस४वर लावला की सुरुवातीला सगळं सुरळीत वाटतं आणि आठेक मिनिटांनी स्टिक मुकी होते. मशीनने ओळखपत्र मागितलेलं असतं आणि ते मिळालेलं नसतं. पीएस५ आणखी कडक. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे स्ट्रीट फायटर ६ आणि टेक्कन ८ या दोन्ही खेळांनी पीएस४च्या जुन्या परवानाधारक स्टिक पीएस५वर चालू देण्याची सोय ठेवली. त्यामुळे हजारो लोकांच्या जुन्या स्टिक वाचल्या. एक्सबॉक्सवाल्यांचं नशीब उलटं निघालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने परवाना नसलेली उपकरणं बंद करायला सुरुवात केली आणि दुसऱ्या मशीनची स्टिक जोडून देणारे, कालपर्यंत चालणारे कन्व्हर्टर लावले की एका सकाळी एररचा आकडा झळकला. फायटिंग गेमवाल्यांनी त्यावर बरीच आरडाओरड केली. त्यांची बाजू रास्त होती, कारण त्यांची बरीचशी उपकरणं हौशी कारागिरांकडून येत असतात.

या बाजारात ब्रुक नावाच्या तैवानी कंपनीचे बोर्ड सर्रास वापरतात. तिचा ‘युनिव्हर्सल फायटिंग बोर्ड’ बऱ्याच मशीनशी जमवून घेतो, म्हणून पैसे जास्त पडले तरी लोक घेतात. दुसऱ्या टोकाला रास्पबेरी पाय पिको आहे. जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलरला निघालेल्या या छोट्या बोर्डवर जीपी२०४०-सीई नावाचं मुक्त सॉफ्टवेअर चढवलं की तो स्टिकचा बोर्ड बनतो, आणि वेगाच्या बाबतीत महागड्यांच्या तोडीस तोड. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन तो काही शे रुपयांत मिळतो. कॉम्प्युटरवरच खेळणाऱ्याने याच्यापुढे जाण्याची मला तरी गरज दिसत नाही.

वेगाचं गणितही इथेच उरकून घेऊ, कारण जाहिराती त्यावरच चालतात. हे खेळ सेकंदाला ६० चित्रांनी पळतात, म्हणजे एक चित्र, खेळाडूंच्या भाषेत एक फ्रेम, साधारण १६.७ मिलिसेकंदांची. यूएसबीवरून मशीन स्टिकला सेकंदात १२५ वेळा विचारत असेल तर दोन विचारण्यांमध्ये ८ मिलिसेकंद जातात. हजार वेळा विचारत असेल तर एकच. आठ म्हणजे जवळपास अर्धी फ्रेम. ती कधीकधी नडते, रोज नडत नाही. ‘झिरो डिले’ नावाने जे स्वस्त चिनी बोर्ड मिळतात त्यांचा विलंब शून्य नसतो हे सांगायला नकोच. पण जो माणूस दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, गेम मोड न लावता खेळतो, त्याने बोर्डाच्या एका मिलिसेकंदावर वाद घालू नये. आधी टीव्हीची सेटिंग बघावी.

दुसरा प्रश्न खोक्याचा. याला लोक सर्वांत कमी महत्त्व देतात आणि नंतर सर्वांत जास्त कुरकुर याचीच करतात. लिव्हर जोरात ओढली की हलका खोका तिच्यासोबत सरकतो. मग डावा हात दिशा देण्याऐवजी खोका सावरत बसतो, आणि चाल चुकली की दोष लिव्हरला. पूर्ण आकाराची, धातूच्या तळाची स्टिक अडीच-तीन किलोंची असते. मांडीवर ठेवली तरी हलत नाही. लहान, किलोभराची स्टिक टेबलावर ठेवून खालच्या रबराच्या भरवशावर खेळायची असते. आपल्याकडे अनेक जण गादीवर किंवा जमिनीवर मांडी घालून खेळतात. त्या बैठकीत खोका दोन्ही गुडघ्यांवर टेकतो आणि मध्ये अधांतरी राहतो, म्हणून रुंद आणि सपाट तळाचाच घ्यावा. अरुंद खोका मांडीच्या खळग्यात तिरका होतो आणि मनगट वाकडं पडतं. परदेशी परीक्षणं सोफा आणि टेबल धरून लिहिलेली असतात, त्यांत हे सापडत नाही.

खोका उघडतो कसा, हेही बघायचं. काही कंपन्या आता वरचं झाकण एका कळीवर उघडणारं देतात. आत वायरी, जादा गोळा, छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवायला जागा. ही चैन वाटते, पण आहे उपयोगाची. तळाला आठ-दहा स्क्रू असले तरी चालेल. चिकटवलेला किंवा रबराखाली स्क्रू लपवलेला खोका मात्र घेऊ नये.

आता लिव्हर. आतापर्यंत घाई केली ती इथे निवांत बसता यावं म्हणून.

जपानी लिव्हरमध्ये सान्वा देन्शीची जेएलएफ ही सर्वांना माहीत असलेली. वर ३५ मिलिमीटरचा गोळा, खाली पोलादी दांडा, दांड्याभोवती स्प्रिंग, तळाशी प्लास्टिकचा जाड गळपट्टा आणि त्याच्या चार बाजूंना चार मायक्रोस्विच. दांडा कलला की गळपट्टा स्विचला धक्का देतो आणि टिक् असा बारीक आवाज येतो. कोपऱ्यात कलला तर दोन स्विच एकदम, म्हणजे तिरकी दिशा. या सगळ्याखाली एक चौकोनी भोकाची पट्टी असते, तिला गेट म्हणतात. दांडा किती दूर जाईल ते ती ठरवते. गोळा बदलायचा तर खोका उलटा करून दांड्याच्या तळातल्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर धरायचा आणि वरून गोळा फिरवायचा. गेट बदलायचं तर प्लास्टिकच्या चार कड्या दाबायच्या, पट्टी हातात येते. स्वयंपाकघरातला मिक्सर उघडून साफ करणाऱ्याला हे अवघड जाणार नाही.

गेट चौकोनी की अष्टकोनी, हा वाद नवख्यांना फार आवडतो. अष्टकोनी गेटमध्ये आठही दिशांना खाच असते, म्हणून बोटांना ‘पोचलो’ असं कळतं आणि सुरुवातीला बरं वाटतं. पण शोर्युकेन घ्या: पुढे, खाली, मग खाली-पुढे. चौकोनी गेटमध्ये खाली-पुढेचा कोपरा ठसठशीत असतो, दांडा तिथे जाऊन बसतो. नवखा माणूस मात्र सगळी चाल भिंतीला घासत करतो, पुढच्या भिंतीपासून खालच्या भिंतीपर्यंत मोठा वळसा घेतो आणि म्हणतो, ही लिव्हर जड आहे. सराईत हात भिंतीपर्यंत जातच नाही. स्विच वाजला की परत फिरतो. जेएलएफचा स्विच लागतो तो दांडा भिंतीला भिडण्याच्या बऱ्याच आधी. उरलेला प्रवास वाया. म्हणून माझं मत असं की गेट बदलण्याआधी पकड बदलून बघावी. बोटांच्या मध्ये दांडा घेऊन तळहात खाली ठेवणारे असतात, वरून गोळ्यावर बोटं टेकवणारे असतात. जी पकड मूठ आवळायला लावत नाही ती तुमची.

जेएलएफ ही सैल लिव्हर आहे, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करावं. ज्यांना कडकपणा हवा ते सेइमित्सूच्या एलएस-३२ कडे जातात किंवा होरीच्या हायाबुसाकडे. हायाबुसा जेएलएफच्याच भोकांत बसते, म्हणून ती बदलून बघणं सोपं. नुसती जाड स्प्रिंग टाकूनही बराच फरक पडतो, आणि ती सगळ्यात स्वस्त सुधारणा.

कोरियन लिव्हर हे वेगळंच प्रकरण. तिच्यात स्प्रिंग नाही. दांड्याभोवती रबराची जाड कडी असते आणि तीच त्याला मधे खेचते. गेटही नाही, दांडा गोल कड्यात फिरतो. सोडलं की झटक्यात मधे परत येतो, जपानी लिव्हरपेक्षा स्पष्टपणे. टेक्कनसाठी हे वरदान आहे. मिशिमा घराण्याच्या पात्रांचा ‘इलेक्ट्रिक’ ठोसा असा: पुढे, मग लिव्हर पूर्ण मोकळी, मग खाली, मग खाली-पुढे, आणि ठोशाचं बटण नेमकं त्या शेवटच्या दिशेच्याच फ्रेमला. ‘मग मोकळी’ हा टप्पा रबर स्वतःहून करून देतं. मागे-मागे झटके देत सरकण्याची जी चाल टेक्कनमध्ये कोरियन बॅकडॅश म्हणून ओळखली जाते, तिच्यातही हाच फायदा. क्राऊन, फँटा, तैयोंग ही यातली नावं. नी, जेडीसीआर, सेंट यांच्यासारखे कोरियन खेळाडू वर्षानुवर्षं अशाच लिव्हरवर वाढले, आणि जेडीसीआरने २०१७ साली ‘इव्हो’ या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत टेक्कन ७ जिंकलं. अडचण एकच: ही लिव्हर खाली खोल जाते. उथळ खोक्यात बसत नाही, कधी पट्टीही जुळत नाही. म्हणजे टेक्कनच खेळायचं ठरलेलं असेल तर खोका निवडतानाच आतली खोली मोजावी लागते. मघाचा क्रम इथे पुन्हा आडवा येतो.

अमेरिकन पद्धतीच्या लांब, बॅटसारख्या मुठीच्या लिव्हर आणि उंच बटणं जाड लाकडी पॅनलसाठी बनलेली होती. मॉर्टल कॉम्बॅटच्या जुन्या चाहत्यांखेरीज आज त्यांना फारसं कोणी विचारत नाही.

बटणांवर मी फार शाई खर्च करणार नाही. ३० मिलिमीटरची सान्वाची ओबीएसएफ-३० हे जगाचं प्रमाण आहे. इतकी हलकी की बोट टेकवून ठेवायची सवय असलेल्याकडून नकळत दाबली जातात. अशा माणसाने सेइमित्सूची जरा कडक बटणं घ्यावीत. वन-बीएचके घरात रात्री अकराला खेळणाऱ्याने मऊ तळाची, आवाज न करणारी घ्यावीत. घरात शांतता राहिली तर सरावही टिकतो. बटणांची मांडणी व्ह्यूलिक्स मशीनसारखी की ॲस्ट्रो सिटी मशीनसारखी, याचा हाताला आठवड्यात विसर पडतो.

इतकं लिव्हरपुराण सांगून झाल्यावर आता कडू घोट. गेल्या दहा-पंधरा वर्षांत स्पर्धेच्या वरच्या पायरीवर लिव्हर मागे पडत चालली आहे.

२०१० नंतर अमेरिकेत ‘हिट बॉक्स’ नावाचं यंत्र आलं. स्टिकसारखाच खोका, पण लिव्हर नाही; डाव्या हाताच्या बोटांखाली डावं-खाली-उजवं अशी तीन बटणं आणि ‘वर’चं मोठं बटण अंगठ्याखाली. आधी लोक हसले. मग गणित कळलं. लिव्हरला डावीकडून उजवीकडे जाताना मधलं अंतर कापावं लागतं. बटणाला काही मिलिमीटर. शोर्युकेन म्हणजे उजवं दाबा, सोडून खालचं दाबा, खालचं धरूनच पुन्हा उजवं. तिरकी दिशा चुकूच शकत नाही, दोन बटणं दाबली की ती होते.

यातूनच एक प्रश्न उभा राहिला, जो लिव्हरला कधी पडला नव्हता: डावं आणि उजवं एकाच वेळी दाबलं तर? दांडा एका वेळी दोन्हीकडे जाऊ शकत नाही, बोटं जाऊ शकतात. हिट बॉक्सने ठरवलं की डावं-उजवं एकदम म्हणजे काहीच नाही, आणि वर-खाली एकदम म्हणजे वर. आता स्ट्रीट फायटरमधल्या गाइलची फ्लॅश किक पाहा. ती मारायला ‘खाली’ काही काळ धरून ठेवावं लागतं, मग वर आणि लाथ. लिव्हरवर वर गेलात की खालचं धरणं संपलं. हिट बॉक्सवर खालचं बटण धरूनच ठेवायचं, वरचं क्षणभर टिचकायचं. लाथ निघते आणि बोट उचलताच ‘खाली’ पुन्हा भरायला सुरुवात. हे न्याय्य आहे का? २०१९ मध्ये दाइगो उमेहारा, ज्याने २००४ च्या इव्होमध्ये जस्टिन वाँगच्या चुन-लीची सगळी लाथाळी अडवून दाखवली तोच, ‘गाफ्रो बॉक्स’ नावाचं जादा दिशाबटणांचं लिव्हरलेस, म्हणजे बिनलिव्हरचं यंत्र, घेऊन आला. कॅपकॉमने आपल्या स्पर्धांत त्याला परवानगी दिली नाही. नंतर दाइगो साध्या लिव्हरलेसवर गेला आणि त्याच्या मागोमाग जपानमधले बरेच. २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ६ आल्यावर कॅपकॉमच्या स्पर्धा-नियमांत वर-खाली एकदम म्हणजेही काहीच नाही, असं झालं. माझ्या मते निर्णय योग्य होता, आणि तो यायला उशीर झाला. यंत्राने हाताचं काम सोपं करावं, पण खेळाने मागितलेली किंमत परस्पर माफ करू नये.

नियम बदलूनही लिव्हरलेसचा ओघ थांबला नाही, कारण खरं आकर्षण चलाखीपेक्षा साधेपणात होतं. पातळ, हलकं, पाठपिशवीत मावणारं, लिव्हर नसल्यामुळे झिजण्यासारखं कमी. आत बहुधा कीबोर्डचे स्विच. रेझरचं कित्सुने तीनशे डॉलरला निघालं, आणि दुसऱ्या टोकाला चीनमधली हौट४२ सारखी यंत्रं शंभर डॉलरच्या आत, पिकोच्याच जातीच्या चिपवर चालणारी. ज्यांचं मनगट लिव्हरने दुखतं त्यांनाही सहसा हे सोसतं. बोटं दुखणार नाहीत याची हमी मात्र नाही. कॉम्प्युटरवर टाइप करून पोट भरणाऱ्याला ते चटकन जमतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. बोटांना सवय आधीच असते.

मग पॅड? पॅडवाल्यांकडे खणखणीत दाखला आहे. २०१४ च्या इव्होमध्ये फ्रान्सच्या लफीने अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ जिंकलं ते पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्याट पॅडवर, रोझ हे कोणाला फारसं न भावलेलं पात्र घेऊन. सॉनिकफॉक्स या खेळाडूनेही पॅडवर एवढी विजेतेपदं मिळवली की वाद घालायला जागा उरली नाही. मॉर्टल कॉम्बॅटसारखे खेळ, ज्यांत अडवायला वेगळं बटण आहे आणि लांब गोल फेरे कमी आहेत, पॅडवरच छान बसतात. स्ट्रीट फायटर ६ मध्ये ‘मॉडर्न’ पद्धतीने एका बटणावर हादोकेन निघतं. डाव्या अंगठ्याची कातडी सोलवटली किंवा सांधा दुखायला लागला, तरच पॅड सोडण्याचं खरं कारण मिळालं असं समजावं. सहा दर्शनी बटणं असलेला होरीचा फायटिंग कमांडर हाही मधला मार्ग आहे.

तेव्हा माझा निकाल असा. वय विशी-पंचविशीचं, पार्लर पाहिलेलं नाही, जिंकायचं आहे: स्वस्त लिव्हरलेस घ्या किंवा पॅडवरच राहा. टेक्कनमध्ये मिशिमा पात्रं खेळायची आहेत आणि जमेपर्यंत दम धरायची तयारी आहे: खोल खोका, कोरियन लिव्हर. किंग ऑफ फायटर्समध्ये अर्ध्या गोलांचे फेरे मारायचे आहेत, लहानपणी कोपऱ्यातल्या पार्लरमध्ये हात बसलेला आहे: जपानी लिव्हर, आणि कोणाला स्पष्टीकरण देत बसू नका. लिव्हरवर सामने जिंकता येतात. पण ती घेतल्याने तुम्ही जास्त सामने जिंकाल, असं तुम्हाला सांगणारा माणूस लिव्हर विकत असतो.

स्वतः बांधायची इच्छा असेल तर आपल्याकडे ते जमण्यासारखं आहे. पिको, ऑनलाइन मिळणारी बटणं आणि लेझरने कापलेलं ॲक्रिलिक, एवढ्यात लिव्हरलेस उभं राहतं. ॲक्रिलिक कापून देणारे पुण्या-मुंबईत सहज सापडतात. लिव्हरची स्टिक सुताराकडून बनवून घ्यायची तर एक सावध सूचना. सुतार हातचं म्हणून जाड प्लाय वापरतो, आणि जपानी बटणांच्या कड्या दोन-चार मिलिमीटरच्या पातळ पत्र्यासाठी असतात. जाड फळीत त्या बसत नाहीत आणि लिव्हरचा दांडाही वर बोटभरच उरतो. खोका लाकडी करा, पण वरची पाटी पत्र्याची किंवा ॲक्रिलिकची घ्या, आणि भोकं नेमकी ३० मिलिमीटरच्या होल-सॉने पाडा. एखादा मिलिमीटर जास्त झाला की बटण फिरत राहतं.

जुनी स्टिक विकत घेताना मात्र समोर बसून तपासा. खेळाच्या सराव मोडमध्ये दाबलेल्या दिशा पडद्यावर उमटतात, ती सोय चालू करा. डावीकडून पाव गोल, उजवीकडून पाव गोल, मग प्रत्येक तिरक्या दिशेला दहा सेकंद धरून ठेवा. मधेच दिशा तुटली तर मायक्रोस्विच गेलाय, त्यावर दोन-चारशे रुपयांची घासाघीस करा आणि खुशाल घ्या. पाच पिनांची वायर काढून नवी लिव्हर बसवणं हे तासाभराचंही काम नाही. प्रत्येक बटण वीस वेळा भरभर दाबा, एका दाबाला दोन ठोसे उमटले तर ते बटण बदलायचं, बाकी काही नाही. वायर हलवली की स्टिक पडद्यावरून गायब होत असेल तर यूएसबीचा सांधा सैल आहे, डाग देऊन निघतो. पण सगळी बटणं ठीक असून दहा मिनिटांच्या आत स्टिक आपोआप बंद पडली, तर बोर्ड त्या मशीनचा नाही. विकणारा कितीही म्हणाला की केबल बदलून बघा, तरी पैसे खिशातच ठेवा.